परभूमीवर इतिहास राखणारी माणसे

(हिगाशी-कसाई, तोक्यो येथे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





संयोजकांनी मला 'परदेशस्थ समाज आणि सांस्कृतिक वारसा' असा भारदस्त विषय दिला होता. तो पेलण्याची माझी कुवत नाही. मी व्यवसायाने संगणक अभियंता; इतिहासाचा अभ्यासक नाही आणि साहित्यिक तर मुळीच नाही. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने विषय लहान करून घेतला आहे. दूरदेशी स्थायिक झालेल्या लोकांचे एखादे छोटे स्थानिक इतिहास मंडळ वर्षभर करते तरी काय, आणि त्यातले आपणास काय घेता येईल, एवढेच मी सांगणार आहे. आपल्या हिगाशी-कसाईचे नाव सांगितले की गावाकडची वडीलधारी मंडळी दचकतात, 'बाबा रे, कुठे राहायला गेलास?' असे विचारतात. जपानी भाषेत 'हिगाशी' म्हणजे पूर्व. कसाई हे या भागाचे जुने नाव. त्याचा आपल्याकडच्या कसायाशी काही संबंध नाही, हे माझ्या आत्याला पटवून देण्यात माझी दोन वर्षे गेली.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मुलीमुळे. आज ती विद्यापीठात शिकते. २०१३ साली ती येथील प्राथमिक शाळेत तिसरीत होती. जपानी शाळांत त्या वर्षी मुलांना आपल्या वस्तीचा इतिहास आणि पूर्वीच्या काळची घरगुती साधने शिकवतात. 'घरातील एक जुनी वस्तू आणा, आणि ती कोणाची, कशासाठी वापरत, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा', असे शिक्षिकेने सांगितले होते. कोणाच्या घरी कोळशाची इस्त्री होती, कोणाकडे मणी सरकवून हिशेब करण्याची पाटी होती, एका मुलाच्या पणजोबांची समुद्रशेवाळ वाळविण्याची चौकट होती. माझ्या मुलीने संध्याकाळी विचारले, "बाबा, आपल्या घरातले जुने काय?"

मी घरभर पाहिले. भात शिजविण्याचे यंत्र, दोन संगणक, स्वस्तातले कपाट. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो मी २००६ साली इकडे येताना दीक्षाभूमीबाहेरच्या दुकानातून घेतलेला. शेवटी पत्नीला आठवण झाली. माझ्या आईने नात पाहायला आली तेव्हा सोबत एक पितळेचा तांब्या आणला होता. तो स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. या तांब्यावर माझ्या आजीचे नाव ठोकलेले होते : 'दगडाबाई'. माझी आजी आम्हा सर्वांना 'विशाखाबाई' म्हणून ठाऊक. मुलीने दोन्ही नावे लिहून घेतली आणि विचारले, "एखाद्या बाईचे नाव 'दगड' का ठेवतात? आणि ते बदलले कोणी?"

मूल जगावे, त्यास दृष्ट लागू नये, म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवण्याची रीत महाराष्ट्रात अनेक जातींत होती. आमच्या वस्त्यांत त्यास दुसरेही कारण असे : मुलास चांगले नाव ठेवले तर ते गावाला खपत नसे. आजीच्या बाबतीत यांपैकी कोणते कारण खरे, हे मला ठाऊक नव्हते. नाव नागपूरला १९५६ साली बदलले की नंतर गावी परतल्यावर, भंतेजींनी सुचविले की आजोबांनी, हेही ठाऊक नव्हते. आईला ठाऊक होते. आई आमच्याकडे याच हिगाशी-कसाईत दोनदा राहून गेली. संध्याकाळी खिडकीपाशी बसून नातीला काहीबाही सांगत असे. त्या काळात घेतलेल्या चित्रफिती माझ्यापाशी आहेत. त्यांत वाढदिवसाचा केक आहे, चेरीची फुले आहेत, नातीचे नाच आहेत. आईचे बोलणे त्यांत नाही. २०१२ साली ती वारली.

त्या रात्री मला अमेरिकेतील एका म्हाताऱ्या बाईंची आठवण झाली, आणि तेथूनच माझा खरा विषय सुरू होतो.

जपानला येण्यापूर्वी दोन वर्षे मी नोकरीनिमित्त अमेरिकेच्या मिझुरी राज्यात होतो. मिझुरी नदीच्या काठाने एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांनी वसविलेली गावे आहेत. माझ्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि अशाच एका गावच्या जर्मन-अमेरिकन इतिहास मंडळाच्या चिटणीस. सभासद चाळीसच्या आसपास, बहुतेकांची साठी उलटलेली. हिवाळ्यातील एका संध्याकाळी त्या मला सभेला घेऊन गेल्या. मला वाटले होते, पराक्रमाची भाषणे ऐकावी लागतील. प्रत्यक्षात खजिनदारांनी पाऊण तास हिशेब वाचला, छपरातून गळणाऱ्या पाण्याची चर्चा झाली, मग कॉफी आणि घरी केलेला केक. त्यानंतर एका गृहस्थांनी पेटीतून एक जुने पत्र काढले आणि ते अडखळत वाचू लागले.

ते पत्र जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत होते. आजचा शिकलेला जर्मन माणूसही ती लिपी सहजासहजी वाचू शकत नाही. आपल्याकडे मोडीचे झाले तसेच त्यांचे झाले आहे. मंडळातील दोघांनी ती मुद्दाम शिकून घेतली होती. जानेवारी ते मार्च, बर्फामुळे बाहेर पडता येत नाही तेव्हा, गावातील घरांच्या माळ्यांवर सापडलेली पत्रे एकेक करून वाचायची, त्यांचे इंग्रजी करायचे आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत द्यायचे, असा त्यांचा क्रम होता. त्या पत्रात काय असावे? गाईचे वासरू मेल्याची बातमी, जहाजाच्या भाड्याचे उसने फेडल्याची नोंद आणि पिठाचा भाव. गृहस्थांनी पिठाचा भाव दोनदा वाचून दाखविला. सर्वांनी माना डोलावल्या.

वसंत ऋतूत स्मशानभूमीचा दिवस असे. त्या दिवशी सभासद साधे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन थडग्यांचे दगड धुवीत, झिजत चाललेली नावे वहीत उतरवून घेत आणि मागील यादीशी ताडून पाहत. उन्हाळ्यात सहभोजन. त्यास येणाऱ्याने आपल्या घरातील फोटोंची वही आणावी, असा शिरस्ता होता. एक तरुण यंत्र घेऊन बसे आणि तेथल्या तेथे फोटोची प्रत काढून मूळ फोटो परत देई. फोटोच्या पाठीमागे नावे पेन्सिलीनेच लिहावीत, यावर बाई फार कडक होत्या. नाताळापूर्वी जर्मन भाषेतील भजने. ती गाणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या भाषेत पाणीसुद्धा मागता आले नसते. वर्षातून चार वेळा आठ पानांचे टाचलेले पत्रक निघे. त्यात निधनवार्ता, देणगीदारांची नावे आणि मला सर्वांत आवडलेले सदर, म्हणजे सभासदांच्या पृच्छा : अमुक खेड्यातून १८५० च्या दशकात आलेल्या अमुक सुताराविषयी कोणास काही ठाऊक आहे काय? पुढच्या अंकात बहुधा उत्तर असे.

आणि त्यांच्या वर्षातील मोठा दिवस ६ ऑक्टोबर, म्हणजे आपल्या १४ ऑक्टोबरच्या आठ दिवस आधी. १६८३ साली त्या तारखेस जर्मनीतील क्रेफेल्ड येथील तेरा कुटुंबे 'काँकर्ड' नावाच्या जहाजाने फिलाडेल्फियास उतरली आणि त्यांनी जर्मनटाउन वसविले. १९८७ साली अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हा दिवस जर्मन-अमेरिकन दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी मंडळाच्या सभागृहात तेरा मेणबत्त्या लावीत.

एवढ्या साध्या कामांसाठी म्हातारी माणसे बर्फातून का येतात, असे मी बाईंना एकदा विचारले. त्यांनी मला १९१८ सालची हकीकत सांगितली. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि तेथील जर्मन वंशाचे लोक रातोरात संशयित ठरले. इलिनॉय राज्यात कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन मजुरास जमावाने एप्रिल १९१८ मध्ये झाडाला टांगून ठार मारले. आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक ठिकाणी, प्रार्थनेत आणि दूरध्वनीवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास मनाई केली. श्मिट होते ते स्मिथ झाले, म्युलर होते ते मिलर झाले. बाईंच्या आईवडिलांनी मुलांशी जर्मन बोलणे सोडून दिले, आजोबांची पत्रे पेटीत बंद केली आणि पेटी माळ्यावर टाकली. १९९० च्या अमेरिकन जनगणनेत सुमारे ५ कोटी ८० लक्ष लोकांनी आपले पूर्वज जर्मन असल्याचे नोंदविले. परंतु बाईंच्या गावात पेटीतले कागद वाचू शकणारी माणसे उरली दोन.

ही भीती न्यायालयापर्यंत गेली होती. नेब्रास्का राज्यात लहान मुलांना परकी भाषा शिकविण्यास बंदी करणारा कायदा १९१९ साली झाला. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचावयास शिकविले म्हणून त्यास दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. बाबासाहेब त्या सुमारास लंडनमधील शिक्षण पुरे करून परतले होते. पुढे पंचवीस वर्षांनी, ८ डिसेंबर १९४८ रोजी, आपल्या संविधान सभेत भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याच्या हक्काविषयी चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी 'अल्पसंख्य' या शब्दाचा अर्थ विस्तृत का घ्यावा, हे समजावून सांगताना दिलेले उदाहरण आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मद्रासची काही माणसे मुंबईत येऊन राहिली, किंवा महाराष्ट्रातील काही माणसे बंगालमध्ये जाऊन स्थायिक झाली, तर तांत्रिक अर्थाने ती अल्पसंख्य नसतील. परंतु संस्कृती व भाषा यांच्या दृष्टीने ती अल्पसंख्यच होत आणि त्यांनाही हे संरक्षण असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तोच आज आपल्या संविधानातील अनुच्छेद २९ आहे. घर सोडून दूर गेलेल्या मराठी माणसाचा विचार त्यांनी त्या दिवशी केला होता. तोक्यो अर्थातच आपल्या संविधानाच्या कक्षेत येत नाही. तरी हक्क बजावण्याची सवय आपण सोबत आणू शकतो.

जर्मनटाउनची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १६८८ साली, म्हणजे तेथे उतरल्यास पुरती पाच वर्षेही झाली नसताना, त्या वसाहतीतील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिले. आपल्याशी जसे वागावे असे आपणास वाटते तसेच इतरांशी वागावे, मग वर्ण कोणताही असो, हा त्याचा आशय. त्यांच्या पंथाच्या वरिष्ठ सभांनी ते निवेदन एकाकडून दुसरीकडे ढकलले आणि शेवटी बाजूस ठेवले. कागद हरवला. १८४४ साली तो सापडला, छापला गेला, आणि पुन्हा हरवला. मी त्या देशात असतानाच, २००५ साली, तो फिलाडेल्फियातील एका सभागृहाच्या तिजोरीत पुन्हा मिळाला. स्वतः धर्मासाठी छळ सोसून आलेल्या चार माणसांनी परक्या भूमीवर दुसऱ्याच्या बेड्या पाहिल्या, ही गोष्ट आज जगास ठाऊक आहे, कारण कोणीतरी कागद फेकून दिला नाही. उरलेल्या जर्मनांनी सह्या का केल्या नाहीत, हे मात्र मी बाईंना विचारावयास धजलो नाही.

आता आपण आपल्या वस्तीकडे येऊ. परदेशी मंडळींचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर या सभागृहापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक उदाहरण आहे. हिगाशी-कसाईच्या चौथ्या विभागात शिन्झो-इन नावाचे शिंगोन पंथाचे मंदिर आहे. त्या भागाचे जुने नाव इकाझुची, म्हणजे मेघगर्जना. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी तेथील पुरुष चेहऱ्यास रंग लावून, बायकांचे रंगीत वस्त्र नेसून, सूत्रग्रंथांच्या जड पेट्या पाठीवर घेऊन वस्तीभर धावतात. लोक वाकून उभे राहतात आणि त्यांच्यावरून पेटी नेली जाते. आख्यायिका अशी की, एदो काळाच्या अखेरीस पटकीची साथ आली असता येथील धर्मगुरूंनी हे सूत्र पाठीवर घेऊन घरोघर फिरून लोकांस धीर दिला. पुढे कोणा भावाने क्षयाने आजारी असलेल्या बहिणीचे वस्त्र नेसून त्यात भाग घेतला आणि ती बरी झाली. तेव्हापासून हा वेश.

ग्रंथाची पेटी डोक्यावरून नेल्याने पटकी जात नाही, हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसास सांगावयास नको. पहिल्या वर्षी मी थोडा नाक मुरडूनच ते पाहिले. मग शेजारच्या दुकानदारांनी पेटीत काय आहे ते सांगितले, आणि माझी मान खाली गेली. त्या पेट्यांत महाप्रज्ञापारमिता सूत्र आहे, सहाशे भागांचे. त्याचे चिनी भाषांतर इ. स. ६६० ते ६६३ या काळात ह्यूएन त्संगने केले. तोच ह्यूएन त्संग, जो त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे, पुलकेशीच्या राज्यकाळात, आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. ज्याने महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्षू असल्याचे लिहून ठेवले, आणि डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन केले तो अजिंठाच असावा, असे विद्वान मानतात. ज्या भूमीत ते विहार होते तेथे धम्म शतकानुशतके विस्मरणात गेला. इंग्रज अधिकाऱ्यास १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने अजिंठा 'सापडला'. आणि येथे कोळ्यांच्या एका लहानशा वाडीने त्याच प्रवाशाचा ग्रंथ पाठीवरून उतरू दिला नाही.

कोळ्यांची वाडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज येथे इमारती दिसतात. पूर्वी हा समुद्रकाठ होता. उथळ पाण्यात शेवाळ पिकवावे, ते कापून चौकटीवर वाळवावे, हा येथला धंदा. माझ्या मुलीच्या वर्गमित्राने शाळेत आणलेली चौकट ती हीच. कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि समुद्र बुजविण्याच्या योजनांनी तो धंदा संपत आला. १९६२ साली तोक्योच्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले. १९६९ साली तोझाई रेल्वे आली, दक्षिणेकडे भराव घालून नवी जमीन झाली, आणि १९८९ साली तेथे समुद्रकाठचे मोठे उद्यान उघडले. आपण ज्या वस्तीला 'आपली' म्हणू लागलो आहोत तिच्यासाठी कोणीतरी आपली उपजीविका सोडली आहे, ही जाणीव मला त्या चौकटीने दिली. येथील सुमारे सत्तर टक्के भूमी भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. २०१९ साली एदोगावा वॉर्डाने घरोघर वाटलेल्या पूर-नकाशावर, मोठा पूर येणार असेल तर 'येथे थांबू नका' अशा अर्थाचे शब्द छापले होते. वडीलधाऱ्यांनी पूर पाहिलेला असतो, म्हणून पुराचे खरे ज्ञान त्यांच्यापाशी असते. त्यांना विचारणे हे येथे केवळ भावनेचे काम राहत नाही.

आणि कसाई स्थानकाच्या पुलाखालचे भुयारी रेल्वेचे संग्रहालय तर आपली सर्व मुले ओळखतात. १९८६ साली ते उघडले. १९२७ साली उएनो ते आसाकुसा धावलेल्या, आशियातील पहिल्या भुयारी रेल्वेचा पिवळा डबा तेथे उभा आहे. मुले गाडी चालविण्याच्या खेळासाठी तेथे रांगा लावतात. मी बाकावर बसून विचार करीत असतो की या लोकांनी रेल्वेचा डबा जपला, आणि मला आजीच्या नावाचे कारण जपता आले नाही.

भारतीय माणसांचा येथील इतिहासही आता चाळीस वर्षांहून जुना झाला आहे. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७० च्या दशकाच्या अखेरीस निशी-कसाईत आले. सन २००० च्या सुमारास संगणक अभियंत्यांची लाट आली. ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे थेट जाणारी रेल्वे हे त्याचे मोठे कारण. २०१९ साली मराठी भाषक योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या विधानमंडळावर निवडून आले. हे सर्व वृत्तपत्रांत नोंदले गेले आहे आणि पुढेही राहील. या नोंदींत आपली घरे कोठे आहेत? आपण 'भारतीय' या शब्दात मोजले गेलो, आणि पुष्कळदा आपणच तेथे सोयीस्करपणे दडून बसलो.

हे जरा स्पष्ट बोलतो. येथील एका स्नेहभोजनात मला आडनावानंतर गाव विचारले गेले, गावानंतर 'तुमच्याकडे लग्ने कोणत्या पद्धतीने होतात' असे विचारले गेले. मी सरळ उत्तर दिले. पुढील वर्षी निमंत्रण आले नाही. असा अनुभव या सभागृहात मला एकट्यालाच असेल असे वाटत नाही. म्हणून आपल्यातील काही कुटुंबे मुलांना फारसे सांगत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या घरमालकीणबाईंच्या आईवडिलांनीही पेटी भीतीपोटीच माळ्यावर टाकली होती. फक्त त्या भीतीची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी कशी मोजली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या संस्थेचे वर्ष पाहा. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, आजचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. हे चार दिवस आपण निष्ठेने पाळतो. २०१५ साली कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याचा अभिमान आपणा सर्वांस आहे. जपानमधून नागपूरला जाऊन तेथलेच झालेले, १९८८ साली भारताचे नागरिकत्व मिळविलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्यामुळे या दोन देशांतील वाट आपणास परकी वाटत नाही. परंतु या चार दिवसांत आपण बाबासाहेबांचे चरित्र ऐकतो. त्यांच्या मागून चालत गेलेल्या आपल्याच आजीचे चरित्र ऐकत नाही.

हे काम करणारी माणसे आपल्या चळवळीत होऊन गेली आहेत. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५२ साली, चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर कागद गोळा केले. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड निघाले. त्याच मून यांनी नागपूरमधल्या आपल्या वस्तीवरही पुस्तक लिहिले. आणि माझ्या विषयास सर्वांत जवळचे काम दोन स्त्रियांचे आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून त्यांच्याच तोंडून त्यांच्या हकीकती घेतल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेस हजारो स्त्रिया जमल्या होत्या, हे आपण भाषणांत सांगतो. त्या स्त्रिया घरी काय सांगून निघाल्या, तान्ही मुले कोणाकडे ठेवली, हे त्यांना कोणी विचारले नसते तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

१९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा मला जे सुचते ते असे. सुटीत आपण सर्व जण भारतात जातो. प्रत्येक कुटुंबाने प्रत्येक खेपेस घरातील एका वृद्ध व्यक्तीजवळ एक तास बसावे आणि भ्रमणध्वनीवर तिचे बोलणे घ्यावे. 'बाबासाहेबांविषयी दोन शब्द सांगा' असे विचारू नये; मग ती माणसे भाषण करतात. नागपूरला जाण्यास पैसे कोठून आणले, वाटेत काय खाल्ले, पांढरे लुगडे कोणाकडून मिळाले, परत आल्यावर देव्हाऱ्यातील देव कोणी आणि कोणत्या विहिरीत टाकले, त्या रात्री घरात कोणास भीती वाटली, गावाने कोणते काम बंद केले, नाव कोणी बदलले, असे विचारावे. नाव जाहीर करण्याची इच्छा नसेल तर ती ध्वनिफीत बंद ठेवावी आणि वीस वर्षांनी उघडावी. बाईंच्या मंडळातही अशी बंद पाकिटे होती. एक प्रत येथे, एक गावी. आपली मुले त्याचे जपानी करतील. त्यांना मराठी अर्धवट येते ही तक्रार आपण नेहमी करतो. आजीचे एक तासाचे बोलणे उतरवून काढण्याइतका चांगला मराठीचा वर्ग मला तरी दुसरा सुचत नाही.

आणि फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी, इकाझुचीची मिरवणूक पाहून झाल्यावर, याच सभागृहात जमून त्यातील काही भाग ऐकावा. हिशेब खजिनदारांनी आधी वाचावा. त्यावाचून सभा झाल्यासारखी वाटत नाही.

अडचणी आहेत. काही वृद्ध बोलत नाहीत. माझे एक काका 'ते दिवस पुन्हा कशाला उकरता' म्हणून उठून गेले. त्यांना मी पुन्हा विचारले नाही. दोन वर्षांनी त्यांनीच फोन करून, जेवणाचा डबा घेऊन शाळेच्या बाहेर कसे बसत ते सांगितले, आणि मी त्या वेळी रेल्वेत होतो, कागद नव्हता. घरी येईतो निम्मे विसरलो. आठवणीतही चुका असतात. दोघी बहिणी एकच दिवस निरनिराळा सांगतात. त्या दोन्ही हकीकती तशाच ठेवाव्यात, असे माझे मत आहे; कोणते खरे ते ठरविण्याची घाई आपण करू नये.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी १९५६ पूर्वी जन्मलेली व्यक्ती आहे त्यांनी तिचे नाव, गाव आणि आपण पुढच्या वेळी कधी जाणार ते लिहावे. पहिले नाव आपल्या सभेत आज बसलेल्या, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या एका आजींचे आहे. जेवण झाल्यावर त्या बोलण्यास तयार झाल्या आहेत, आणि माझी मुलगी त्यांच्या शेजारी बसणार आहे. वहीच्या बाजूस तो तांब्या आहे. मुलांनी हातात घेऊन पाहण्यास हरकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!